जीडब्ल्यू-बेसिकमधला सुताचा हिशेब रास्पबेरी पायवर आणायचाय

टॉवेलवाला_सोलापूर

मंडळी, नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टर्किश टॉवेलचा कारखाना आहे, फार मोठा नाही. काकांनी ऐन उमेदीत सुताच्या हिशेबाचा प्रोग्रॅम जीडब्ल्यू-बेसिकमध्ये (जुन्या डॉस पीसीवरची मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंग भाषा) स्वतः लिहिला होता. टॉवेलची लांबी-रुंदी, रीड (उभ्या धाग्यांची दाटी), पिक (आडव्या धाग्यांची दाटी), पाइल म्हणजे टॉवेलवरची वेटोळी किती पट, ताण्याला (उभ्या सुताला) कुठला काउंट म्हणजे किती बारीक सूत आणि बाण्याला (आडव्या सुताला) कुठला, एवढं विचारतो आणि डझनाला किती किलो सूत लागेल ते सांगतो. सूत्र काही गुपित नाही. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो काउंट. 2/20 चं दुपदरी सूत हिशेबाला 10 काउंट धरलं की हजार मीटरला 59 ग्रॅम भरतं. हे कुणीही कॅल्क्युलेटरवर काढेल. पण काकांनी त्यात वेस्टेजचे जे टप्पे घातलेत (पांढरं सूत वेगळं, रंगीत वेगळं, बीमची, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाची, शेवटची लांबी वेगळी) ते दुसरीकडं कुठंच लिहिलेले नाहीत. पार्टीला भाव आम्ही आजही त्याच आकड्यावर सांगतो.

तो पीसी आता बसला. फ्लॉप्या एका ओळखीच्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या, शाबूत निघाल्या हे नशीब. घरात रास्पबेरी पाय 4 (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) आहे, पुतण्याचा एक पिकोही (त्याच कंपनीचा त्याहून छोटा बोर्ड) पडून आहे. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिकचा सोर्स खुला केलाय म्हणतात, तो पायवर कंपाइल होईल का? प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडला तर नुसती चित्रविचित्र चिन्हं. पुतण्याने डेटाची फाइल पायथनने वाचून पाहिली. सुताची नावं नीट येतात, आकडे मात्र सगळे भलतेच, पुष्कळसे तर शून्याला चिकटलेले. फाइल गेली म्हणायची का? काकांना विचारलं तर म्हणाले, "फाइल बरोबरच आहे, वाचणाऱ्याला येत नाही."

खातेवही

एवढा खटाटोप कशाला? काकांना शेजारी बसवा, टप्पे विचारून घ्या आणि एक्सेलमध्ये टाका. एका दुपारचं काम.

सोल्डरगन

काका बरोबर आहेत. फाइल ठणठणीत आहे.

आधी सोर्सचं सांगतो. मायक्रोसॉफ्टने तो मे 2020 मध्ये एमआयटी लायसन्सखाली खुला केला, पण ती 1983 ची, 8088 या जुन्या पीसीतल्या प्रोसेसरची असेंब्ली आहे, म्हणजे थेट त्याच प्रोसेसरच्या आज्ञा. पायमधला प्रोसेसर एआरएम, त्याला ती भाषा कळत नाही. शिवाय कीबोर्ड, पडदा, डिस्क यांच्याशी बोलणारा भाग प्रत्येक कंपनी आपापल्या मशीनसाठी लिहायची, तो त्यात नाहीच. वाचायला मजा येते, गणिताचा भाग तर जरूर बघा. पण त्यातून तुमचा टॉवेल निघणार नाही.

तुम्हाला हवंय ते पीसी-बेसिक. पायथनमध्ये लिहिलेला खुला इंटरप्रिटर (बेसिकचा प्रोग्रॅम वाचून चालवणारा) आहे, पायवर चालतो, आणि जीडब्ल्यू-बेसिकची हुबेहूब नक्कल करणं हाच त्याचा उद्देश. खोडीसुद्धा त्याच ठेवल्यात. डॉसबॉक्समध्येही (आजच्या संगणकावर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम) काम भागेल, पण त्यासाठी जीडब्ल्यू-बेसिकची मूळ एक्झी फाइल लागते आणि साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नसते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एलप्रिंट (प्रिंटरवर छापायची आज्ञा) असणारच. पीसी-बेसिकमध्ये एलपीटी-वन (प्रिंटरचं पोर्ट) सरळ एखाद्या फाइलकडे वळवता येतो, मग ती कुठल्याही प्रिंटरवर काढा.

प्रोग्रॅमची चिन्हं: साध्या सेव्हने जीडब्ल्यू-बेसिक मजकूर साठवत नाही, प्रत्येक आज्ञेचा एक-दोन बाइटांचा संकेत साठवतो. फाइलचा पहिला बाइट बघा. 255 असेल तर हाच प्रकार. 254 असेल तर काकांनी सेव्ह करताना शेवटी पी लावून कुलूप घातलंय; मूळ मशीनवर लिस्ट म्हटलं की "इल्लीगल फंक्शन कॉल" यायचं. पीसी-बेसिक दोन्ही उघडतो, आणि कन्व्हर्टचा पर्याय दिला की साध्या मजकुरात काढूनही देतो.

आता आकडे. खरी गंमत इथं आहे. काकांनी रँडम फाइल (हवी ती नोंद थेट काढता येते अशी) वापरली असणार, म्हणजे फील्ड, एमकेएस-डॉलर, सीव्हीएस या आकडे बाइटांत ठेवायच्या-काढायच्या आज्ञांचा कारभार. त्यात अपूर्णांक मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीने चार बाइटांत बसतो. 1 हा आकडा घ्या: तीन बाइट शून्य, चौथा 129. आजची आयईईई पद्धत धरून पायथनने तेच चार बाइट वाचले तर उत्तर उणे येतं, आणि दशांशचिन्हानंतर 37 शून्यं आल्यावर मग कुठं 235. पुतण्याला हेच दिसलं असणार. जुन्या पद्धतीत चौथा अख्खा बाइट घाताचा असतो आणि चिन्हाचा बिट तिसऱ्या बाइटच्या डोक्यावर. घातातून 2 वजा करायचे, चिन्ह पुढं सरकवायचं, बाकीचे 23 बिट जसेच्या तसे. घात शून्य असेल तर आकडाच शून्य. दहा ओळींचं पायथन आहे, पुतण्याला करू द्या.

खातेवही, एक्सेलला माझा विरोध नाही. पण आधी मूळ प्रोग्रॅम चालता हवा, नाहीतर एक्सेलचं उत्तर ताडून बघणार कशाशी? माणसाला चाळीस टप्पे तोंडी सांगायला लावले तर पस्तीस आठवतात.

आणि सोलापूरची वीज तुम्हाला माहीत आहेच. चालू पायची वीज अचानक गेली तर एसडी कार्ड बिघडू शकतं. रास्पी-कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगचा प्रोग्रॅम) ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डवर काही लिहिलंच जात नाही. डेटा वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. तिथंच कन्सोलचं ऑटोलॉगिनही करून टाका. मशीन लावलं की थेट काकांचा मेनू.

निवृत्त_मास्तर

पिको वाया घालवू नका. त्याच्यावर बीबीसी बेसिक (बेसिकचाच ब्रिटिश अवतार) चालतं. आमच्या पिढीतल्या काही मास्तरांचा संगणकाशी पहिला संबंध आला तो 1984 च्या क्लास प्रकल्पात (शाळांत संगणक शिकवण्याचा सरकारी प्रकल्प), शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले तेव्हा. त्या मशीनमध्ये 32 केबी रॅम. पिकोत 264 केबी आहे आणि तो तळहातावर मावतो. सोफी विल्सन यांनी ते बेसिक लिहिलं आणि पुढं एआरएम प्रोसेसरच्या आज्ञाही त्यांनीच आखल्या, म्हणजे पायवर बीबीसी बेसिक चालवणं हे एका अर्थी माहेरी जाणंच आहे.

मात्र सुताचा हिशेब त्यात उतरवायला जाऊ नका. टक्केवाल्या व्हेरिएबलमध्ये (नावाच्या शेवटी % असलेल्या, फक्त पूर्णांक ठेवणाऱ्या) 2.7 टाकले तर जीडब्ल्यू-बेसिक 3 करतं, बीबीसी बेसिक 2. डझनांचा हिशेब असेल तर कुठं किलो गळाला ते शोधत बसाल. शिवाय फील्ड वगैरे तिथं नाहीच. मुलांना पिकोवर पाढे आणि नक्ष्या करू द्यात.

टॉवेलवाला_सोलापूर

सोल्डरगन साहेब, पहिला बाइट 254 निघाला! काकांना सांगितलं तर गालात हसले. म्हणे त्या वेळी शेजारच्या कारखान्यातला एक जण फ्लॉपी मागायचा. पीसी-बेसिकने काहीही न विचारता उघडला. वेस्टेजचे टप्पे सगळे शेवटी डेटाच्या ओळींत आहेत. चालू ऑर्डरचा जाड बाथ टॉवेल टाकून पाहिला, जुन्या चिठ्ठीशी ग्रॅमपर्यंत जुळला.

एकच अडचण. चिठ्ठीवर तारीख चुकीची येते. कारखान्यात इंटरनेट नाही.

सोल्डरगन

पाय 4 ला स्वतःचं घड्याळ नाही, नेटवरून वेळ मिळाली नाही तर मागची कुठली तरी धरून बसतो. डीएस-3231 चं छोटं घड्याळाचं मॉड्यूल घ्या, नाण्याएवढ्या सेलवर चालतं, पायच्या आयटूसीच्या पिनांवर बसतं. आणि बेसिकमधली तारीख देणारी डेट-डॉलर महिना आधी देते, दिवस नंतर. काकांनी ते उलटून छापलंय का, एकदा बघून घ्या.