मदत हवी आहे: बाबांना (वय ७१) गोव्यात बोटीने गरवायला (गळाने मासे धरायला) न्यायचंय

नमस्कार. आम्ही डिचोलीत राहतो. बाबा मूळचे मालवणकडचे. लहानपणी आजोबांबरोबर होडीतून गरवायला जायचे. नोकरीमुळे समुद्र सुटला तो सुटलाच, पण उजव्या हाताच्या तर्जनीवर तंगुसाने (गळाच्या नायलॉन दोरीने) पडलेला घट्टा अजून आहे. लाकडी फळीवर गुंडाळलेली आजोबांची तंगूसही त्यांनी जपून ठेवली आहे. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली: एकदा खोल पाण्यात गळ सोडायचाय.

गेल्या जानेवारीत मी त्यांना पणजीहून एका फेरीला नेलं होतं. जाहिरातीत 'फिशिंग ट्रिप' लिहिलेलं. प्रत्यक्षात बोटीवर चौदा माणसं, मोठ्याने गाणी, डॉल्फिन बघायला अर्धा तास आणि शेवटी वीसेक मिनिटं सगळ्यांच्या हातात एकेक दोरी. आमिषाची कोळंबी इतकी शिळी की गळाला लावतानाच गळून पडत होती. बाबा कोणाला काही बोलले नाहीत. तर्जनीवर दोरी घेऊन शांत बसून राहिले. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले, "ह्येका गरवणा म्हणत नाय." ते मला फार लागलं. म्हणून या वेळी आधी विचारून घेतोय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात तसंही कोणी नेणार नाही, हे माहीत आहे. आम्हाला जानेवारीत जायचंय, कारण मार्गशीर्षात बाबा मासे खात नाहीत, आणि पकडलेला मासा घरी आणून खायचा नाही तर त्यांना जायचंच नाही.

माझ्या शंका अशा. पूर्ण बोट आमच्या तिघांसाठीच घ्यायची तर बोटवाल्याला काय काय विचारून ठेवावं? जेटीच्या पायऱ्या उतरून बोटीत पाय टाकताना गुडघ्यांना त्रास होणार, त्याला काय उपाय? बाबांना रॉड नको, हातानेच गरवायचंय, तर कुठल्या बाजूला जावं? आणि मला स्वतःला बोट लागते. मी आडवा झालो तर त्यांचा दिवस वाया जाईल, ही भीती वेगळीच.

प्रतिसाद

तुमच्या बाबांचं वाक्य वाचून बरं वाटलं. ते बरोबरच बोलले.

आधी पायऱ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच ठरेल. ओहोटीला पाणी खाली गेलं की शेवाळ धरलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि बोटही खाली जाते. धडधाकट माणूसही तिथे घसरतो. तेव्हा चढायची वेळ भरतीच्या आसपासची हवी. बाबांना तिथीची पाऊणपट नक्की येत असणार: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. मग पहाटे निघताना नेमकी ओहोटी, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी पार तळाला. षष्ठी ते अष्टमी धरलीत तर पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान भरती येते. उजाडायच्या सुमारास चढाल तेव्हा पाणी वरच असेल. परत येईपर्यंत ओहोटी लागलेली असेल, पण ते दिवस भांगाचे, पाण्याचा चढउतार कमी, त्यामुळे पायऱ्या फार उघड्या पडत नाहीत. हा ढोबळ हिशोब आहे, मुरगावचं भरतीचं कोष्टक एकदा पडताळून बघा. काही ठिकाणी तरंगता धक्का असतो, तो पाण्याबरोबर वरखाली होतो. तिथून चढता आलं तर उत्तमच. आदल्या दिवशी एकटे जाऊन जागा बघून या.

हाताने गरवायचं असेल तर बोटवाल्याला स्पष्ट सांगा: नांगर टाकून, खडकाळ तळावर. इसवण (म्हणजे आपली सुरमई) धरायला चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेतात. त्याला बहुतेक रॉडच वापरतात आणि तर्जनीला काही कळत नाही. तांबोशी, गोबरा हे खडकातले मासे. दोरी सोडायची, शिसं तळाला टेकल्याचं बोटाला कळलं की हातभर वर घ्यायची आणि थांबायचं. ग्रँडे बेटाच्या आसपास असा तळ आहे, पण तिथे स्नॉर्कलिंगच्या बोटींची गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर पोचा. वारा जास्त असेल तर जुवारीच्या मुखातच थांबा, हट्ट करू नका. आमिष तुम्हीच न्या. पहाटे ताजी सुंगटां (कोळंबी) आणि बांगडा घेऊन बर्फात ठेवा.

बोटीवर बंदर कप्तान खात्याचा नोंदणी क्रमांक आणि किती प्रवासी नेता येतात तो आकडा लिहिलेला असावा. लाइफ जॅकेट बोटीत आहे यावर समाधान मानू नका, बाबांच्या अंगावर बसतं का ते जेटीवरच घालून बघा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ फोनमध्ये ठेवा. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी खवळतं, म्हणून अकरा-साडेअकराला परत फिरा. धरलेला मासा कोणाचा, हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. यावरून भांडणं होताना मी पाहिली आहेत.

प्रतिसाद

बोट लागण्याबद्दल: चालत्या बोटीपेक्षा नांगरलेली बोट जास्त डोलते, तेव्हा त्रास तिथेच होईल. गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर उपयोग नाही. तिने झोप येते, म्हणून बाबांना द्यायची असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उपाशी जाऊ नका, पण तेलकटही नको. डिझेलच्या धुरापासून लांब, बोटीच्या मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. गळाला आमिष लावत खाली बघत बसलात की संपलं. ते काम बाबांना करू द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. शिसं तळाला टेकतं त्या ओळीवर त्यांनी नुसतं बोट वर केलं. मग लगेच कालनिर्णय काढून बसले. षष्ठी गुरुवारी येते, तो त्यांचा वार. म्हणून सप्तमी, शुक्रवार ठरलाय. सात गुणिले पाऊण, सव्वापाच. मी रजा टाकली आहे. रविवारी जेटी बघून येतो.

एकच राहिलं: फळीवरची ती तंगूस पन्नास वर्षांची आहे आणि बाबांना तीच न्यायचीय. ओढून बघितली तर एका ठिकाणी पांढरी पडली आहे. फळी तीच ठेवून नवी तंगूस गुंडाळायची, तर गोबऱ्यासाठी किती जाडीची घेऊ?