मदत हवी आहे: गुळ्याचं वजन आणि अण्णांचा खाऊ

लातूरकरीण, १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. धागा कुत्र्याच्या खाऊबद्दल आहे, पण खरी अडचण सासऱ्यांची आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमचा गुळ्या लॅब्राडॉर, वय सहा. रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा म्हणून गुळ्या. दीड वर्षापूर्वी नसबंदी केली, तेव्हापासून फुगतच चाललाय. परवा दवाखान्यात काट्यावर उभा केला तर ३८ किलो ४०० ग्रॅम. डॉक्टरांनी अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, "याच्या बरगड्या कुठं ठेवल्यात?" रक्त तपासलं, थायरॉइड ठीक आहे. म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, खाणं. तीस किलोपर्यंत आणा, नाहीतर सांधे जातील, असं बजावलं. दिवसाला सगळं मिळून ९०० कॅलरी आणि त्यात खाऊ फार तर ९०, असा हिशोब लिहून दिला.

आता अण्णांचा हिशोब ऐका. मी एक दिवस गुपचूप मांडला. सकाळच्या चहाला सहा ग्लुकोज बिस्किटं, तीही बशीतल्या चहात बुडवून, मऊ पडली की बोटांवर उचलून. दुपारी अर्धी भाकरी, वर चमचाभर तूप, कारण "कोरडी कशी घालावी लेकराला". संध्याकाळी दोन टोस्ट. बेरीज चारशेच्या घरात गेली. त्याच्या नेहमीच्या जेवणाशिवाय!

मी कडक शब्दांत सांगितलं, दोन दिवस बंदही झालं. तिसऱ्या दिवशी बघते तर अण्णा चहा अर्धा टाकून उठलेले आणि गुळ्या रिकाम्या खुर्चीपाशी बशीकडे बघत बसलेला. शेती सोडून लातूरला आल्यापासून अण्णांचं ऐकणारं घरात तेच एक आहे. मग मीच बिस्किटाचा पुडा परत काढून दिला.

तर असं काही सुचवा, जे घरी करता येईल, कॅलरी कमी असतील आणि अण्णांना हाताने, दिवसातून आठ-दहा वेळा देता येईल. ओव्हन नाही. बाजारातली डाएट बिस्किटं आणली होती, ती अण्णांनी वास घेऊनच नापास केली.

---

गोदाकाठ

ताई, सोप्यापासून सुरू करा. काकडी. १०० ग्रॅमला पंधराएक कॅलरी, म्हणजे जवळपास पाणीच. दुधी तसाच. गाजर चाळीसच्या आसपास, लाल भोपळा त्याहून कमी. आमची कुत्री गाजराचा तुकडा फोडते तेव्हा शेजारच्या खोलीत कडाकड आवाज येतो, तिला वाटतं हाडूकच मिळालं. गाजर फ्रीजमध्ये गार करून द्या, उन्हाळ्यात जास्त आवडतं. तुकडे मात्र बोटाच्या पेराएवढे, लॅब न चावता गिळतात.

काकडी नि दुधी कापल्यावर आधी आपल्या जिभेला लावून बघा. कडू निघाला तर सरळ फेकायचा. कडू दुधी माणसालाही बाधतो, त्यालाही बाधेल.

---

बालाघाट

एवढं कॅलरी-बिलरी कशाला? आमच्या शेतातल्या आखाड्यावरचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा जन्मभर ज्वारीची भाकरी आणि ताक खाऊन राहिला. पोट बघाल तर पाठीला चिकटलेलं.

---

गोदाकाठ

बालाघाट, तो दिवसभर रानात सशामागं पळत असणार. गुळ्या बिस्किटामागं सोफ्यापर्यंत पळतो. :)

---

दावण

मी पशुवैद्य आहे, परभणीला शिकलो, सध्या तालुक्याच्या गावी असतो. दिवसभर म्हशी-गाई बघतो, पण घरी दोन कुत्री आहेत, म्हणून लिहितो.

लॅब्राडॉर अधाशी असतो यात तुमच्या अण्णांचा सगळाच दोष नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चार लॅब्राडॉरमागे एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. त्यामुळे त्याच्या डोळ्यांतली भूक हा पुरावा मानू नका. त्यात नसबंदीनंतर लागणारं खाणं कमी होतं आणि भूक मात्र वाढते.

तुमच्या डॉक्टरांचा आकडा बरोबर आहे. ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला ९०० च्या आसपास लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा. खाऊ वाढला तर तेवढं जेवणातून काढायचं. जेवणाचा डबा सकाळीच मोजून भरा, वाटीचा अंदाज नको. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं की पुष्कळ. घाईने उतरवू नका.

आता काय द्यायचं नाही ते. कांदा, लसूण कुठल्याही रूपात नाही: कच्चा, शिजवलेला, पावडर, येसरातला, काळ्या मसाल्यातला. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका नाहीत, मूत्रपिंड जातं. चॉकलेट नाही. शुगर-फ्री च्युइंगमसारख्या वस्तूंत झायलिटॉल असतं, ते तर थोडंसंही घातक. शिजवलेली हाडं नकोत. मटणाची चरबी खाऊ घातली की स्वादुपिंडाला सूज येते, अशी कुत्री पोळ्याच्या कर दिवसानंतर हमखास येतात माझ्याकडे.

---

उंडगा

पण लसणाने गोचीड जातात ना? आमच्याकडे भाकरीत कुस्करून देतात.

---

दावण

जात नाहीत. रक्त जातं. गोचिडासाठी औषध आहे, ते घ्या.

---

लातूरकरीण

डॉक्टर, मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं. आमचं गाव पानचिंचोलीच्या बाजूचं, तिथल्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तर अण्णांनी आळीभर पेढे वाटले होते! त्यामुळे घरात आमटी कायम चिंचेची. अण्णा भाकरीवर तिचं पाणी शिंपडून गुळ्याला देतात. चालेल का?

---

दावण

बरं झालं विचारलंत. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं का जातात हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही तसाच त्रास नोंदवला गेलाय. आमटी बंद. मीठ, मसाला, फोडणी हे सगळं त्यातच आलं. मानांकनाचा मान माणसांनी ठेवावा.

---

लातूरकरीण

अरे देवा. आमटी आजपासून बंद. गाजराची चाचणी झाली: गुळ्याने खाल्लं, पण अण्णांचं समाधान नाही. म्हणे, "हे तर माळवं झालं. खाऊ कुठाय?" त्यांना काहीतरी केलेलं, भाजलेलं, डब्यातून काढायचं असं हवंय.

---

अंबाजोगाईची काकू

मला हा प्रश्न कळला बाई. गाजर बाजारातून येतं, खाऊ घरात करावा लागतो. तुझ्या सासूबाई खारोड्या करतात का? सध्या एप्रिल आहे, गच्चीवर ऊन फुकट आहे. बाजरीच्या खारोड्या कर त्याच्यासाठी. फक्त मीठ, लसूण, जिरं, तिखट, तीळ यातलं काहीच नाही.

माझं प्रमाण देते. आमच्या पामेरियनसाठी दोन उन्हाळे केल्यात. बाजरीच्या कण्या १०० ग्रॅम. लाल भोपळा सोलून, बिया काढून ३०० ग्रॅम, वाफवून कुस्करलेला. कण्या चांगल्या चौपट पाण्यात मंद आचेवर शिजव, पळी उभी राहील इतकं घट्ट होऊ दे. मग भोपळा घालून आणखी दहा मिनिटं परत. पाणी नीट आटलं पाहिजे, तिथंच सगळे चुकतात. पीठ सैल राहिलं तर खारोड्या पसरतात, वरून वाळतात, आत ओल राहते आणि आठ दिवसांत बुरशी. कोमट झालं की ओल्या हाताने, हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या, शंभर घाल कापडावर. दुसऱ्या दिवशी कापडाच्या उलट्या बाजूला पाण्याचा हात लावून सोडव आणि पलटून परत उन्हात. तीन-चार उन्हं. दातांखाली टक्कन तुटली की झाली. देताना कोरड्या तव्यावर भाज, तेल नाही. वास असा सुटतो की पामेरियन जिना चढून येते.

कॅलरीचा हिशोब तुम्ही लोक करा, मला फक्त वास कळतो.

---

गोदाकाठ

मी करतो. बाजरी १०० ग्रॅमला ३६०, भोपळा ३०० ग्रॅमला ऐंशीच्या आत. सगळं मिळून ४४०. शंभर झाल्या तर एक साडेचार कॅलरीची. अण्णांच्या एका ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस असतात, म्हणजे एका बिस्किटाऐवजी पाच वेळा खाऊ. काकू, दंडवत.

---

दावण

उत्तम. फक्त बाजरी जुनी, कडवट नको आणि वास आलेली खारोडी एकही नको. बुरशीचं विष भाजून जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्यापुढे आपल्यापेक्षा कच्चं असतं. सुगीत पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी "कुत्र्याला होईल" म्हणून बाजूला ठेवतात ना, तीही नको. ओलं चिकन-मटण मात्र उन्हात वाळवायला जाऊ नका. ते करायचं तर शिजवूनच.

---

गोदाकाठ

शिजवायचंच तर हे करून बघा, आठवड्यातून एकदा. उकडलेलं, कातडीविना चिकन १०० ग्रॅम, किसून पिळलेला दुधी २०० ग्रॅम, एक अंडं. एकत्र करून छोट्या इडलीपात्रात वाफवायचं. चोवीस होतात, एक अकराएक कॅलरीची. फ्रीजमध्ये तीन दिवस, बाकीच्या बर्फाच्या कप्प्यात.

---

लातूरकरीण

सासूबाई शाकाहारी, इडलीपात्राला हात लावू देणार नाहीत. खारोड्या जमतील! त्या म्हणाल्या, "लसणाशिवाय खारोडी म्हंजी काय खारोडी हाय का?" पण भोपळा चिरायला घेतलाय.

---

लातूरकरीण, २४ मे

सहा आठवडे झाले, कळवायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

पहिला घाणा बिघडला. काकूंनी सांगितलेलं तेच, पीठ सैल. गच्चीवर त्या पसरून लहान पापड झाले. गुळ्याला देणार नव्हते, कबुतरांनी संपवल्या. दुसऱ्या घाण्याला सासूबाईंनी पातेलं माझ्याकडून काढूनच घेतलं. घरातल्यांच्या लसणाच्या खारोड्याही त्याच दिवशी घातल्या होत्या. दोन्ही कापडं दिसायला सारखी, म्हणून गुळ्याच्या कापडाच्या टोकाला गाठ मारली. डबेही वेगळे. त्याच्या डब्यावर अण्णांनी स्वतः खडूने "गु" लिहिलंय. त्याचा उच्चार मोठ्याने करू नका म्हटलं तर हसतात.

वजन करायला दर वेळी दवाखान्यात जायचं जिवावर येतं. अण्णांच्या दोस्ताची मार्केट यार्डात आडत आहे. तिथल्या तुरीच्या काट्यावर दर रविवारी सकाळी गुळ्या उभा राहतो. पहिल्या वेळी उतरायलाच तयार नव्हता, हमाल हसून बेजार. आजचा आकडा ३५ किलो ८००. अण्णांनी तो आडतीच्या पावतीवरच लिहून आणलाय, मालाच्या रकान्यात "गुळ्या", दराच्या रकान्यात रेघ.

चहाच्या वेळी आता बशी नाही. अण्णा सकाळी डब्यातून दहा खारोड्या मोजून बंडीच्या खिशात टाकतात आणि दिवसभर एकेक काढतात. मधे काकडी-गाजर असतं. संध्याकाळी साडेसहाला दोघं क्रीडा संकुलापर्यंत चालून येतात, ऊन कलल्यावर, डांबर निवलंय का ते अण्णा तळहात टेकवून बघतात. बिस्किट पूर्ण सुटलेलं नाही, रविवारी काट्यावरून उतरल्यावर एक मिळतं. मी बघितलं नाही असं ठरलंय.

दोन प्रश्न आहेत. रोहिण्या लागतायत, पावसाळ्यात खारोड्या सादळणार. काय करू?

दुसरा अण्णांचा. कधी कधी रात्री खिशात दोन-तीन उरतात. त्या दुसऱ्या दिवशीच्या दहात धरायच्या की वरच्या, असं डॉक्टरांना विचार म्हणालेत.

---

अंबाजोगाईची काकू

ढग यायच्या आत एक कडक ऊन दाखव, गार झाल्या की घट्ट झाकणाच्या बरणीत भर. आठवड्याच्या तेवढ्याच डब्यात काढत जा. बरणीत ओला हात गेला की संपलं.

---

दावण

दहातच धरायच्या. आणि अण्णांना विचारा, त्या उरतात की ते उरवतात?

---

लातूरकरीण

विचारलं. म्हणाले, "रात्री दोनदा उठतो मी, तवा तेबी जागंच असतंय."