घरच्या घरी क्लच प्लेट बदलायची आहे, कुणी केलंय का?

रविवारी पन्हाळ्याचा चढ चढताना तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडायलंय, गाडी मात्र जाग्यावरच. वास पण जळकट आला. जुनी हॅचबॅक आहे, पुढच्या चाकांवर चालणारी. वडिलांची गाडी, म्हणून मला माझ्या हातानंच करायचंय. स्पॅनर सेट आन् जॅक आहे. जमेल का?

उत्तर १
जमंल भावा, पण एकट्यानं नको. गिअरबॉक्स उतरवताना दुसरा माणूस पाहिजेच. नुसत्या जॅकवर गाडीखाली अजिबात शिरू नकोस, घोड्या (गाडी उचलून धरणारे लोखंडी स्टँड) लाव. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, गिअर ऑईल सोड, मग अ‍ॅक्सल. गिअरबॉक्स सुटायच्या आधी इंजिनला खालनं टेकू दे.

उत्तर २
नुसती प्लेट बदलू नका. प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) सोबतच टाका, नाहीतर बेअरिंग वाजलं की परत सगळं उतरवायचं. मी तेच भोगलंय. फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, ज्यावर प्लेट दाबली जाते) निळे डाग, बारीक चिरा दिसल्या तर कोल्हापुरात उद्यमनगरच्या वर्कशॉपात नेऊन दाखवा. प्लेटला तेल लागलेलं असलं तर इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं सील नाहीतर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळतंय, तेही तेव्हाच बदला.

उत्तर ३
प्लेट मधोमध बसवायला अलाइनमेंट टूल घ्या. नसलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही, तासभर झटापट. तेव्हा बोल्टनं ओढून घ्यायचा मोह टाळा, केसिंग तडकतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. नव्या प्लेटला ग्रीसचा हात लावू नका.

प्रश्नकर्ता
घोड्या मिळाल्या, मेव्हणा शनिवारी येतोय. पूर्ण सेटच आणतो.