जुनी कार्ब्युरेटरची गाडी: पिकअप नाही, चढावर ओढत नाही. आधी काय तपासू?

चार सिलेंडर, दोन बॅरलचा (हवा जायच्या दोन नळ्यांचा) कार्ब, पॉइंटवाला (उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग. आयडलिंग व्यवस्थित आहे. पण ॲक्सिलरेटर एकदम दाबला की गाडी क्षणभर दम टाकते, मग गचका देऊन उचलते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबूनही वेग वाढत नाही. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. मेकॅनिक म्हणतोय कार्बच बदला. मदत हवी आहे.

प्रतिसाद १
एवढ्यात कार्ब बदलू नका. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि कारणंही वेगळी असू शकतात.

क्षणभराचा दम आधी बघू. बटरफ्लाय (कार्बमधली हवेची झडप) झटकन उघडला की हवा लगेच वाढते, पेट्रोल मागे राहतं. ती तूट ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो. थंड इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बच्या घशात टॉर्च मारा आणि थ्रॉटल लिव्हर हाताने फिरवा. लिव्हर हलताक्षणी नोझलमधून सलग धार आली पाहिजे. नुसते थेंब आले तर बहुधा पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) फाटलाय किंवा कडक झालाय. धार उशिरा आली तर लिंकेज ढिलं किंवा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल एकाच दिशेने सोडणारी झडप) गळका. काहीच आलं नाही तर नोझल चोंदलाय. त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

तिथेच उभे आहात तर कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा. पहिल्या बॅरलचा बटरफ्लाय पूर्ण उघडतोय का? केबल सैल असते, पायाखालची चटई अडकते, आणि हे कुणी बघतच नाही.

प्रतिसाद २
चढावरच्या तक्रारीसाठी इग्निशन बघा. पॉइंटचा गॅप आधी लावा (बहुतेक गाड्यांत 0.4 ते 0.5 मिमी, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये), कारण गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं. मग डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइट लावून आरपीएम हळूहळू 3000 पर्यंत न्या. इंजिनवरची टायमिंगची खूण सरकत पुढे गेली पाहिजे. जागची हलली नाही तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं गंजून अडकली आहेत. पेडल पूर्ण दाबलेलं असताना व्हॅक्यूम जवळपास शून्य असतो, तेव्हा सगळा ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) या वजनांचाच.

प्रश्नकर्ता
पंपातून थेंबच येतायत. बटरफ्लाय पूर्ण उघडतो. खूण नीट पुढे सरकते.

प्रतिसाद १
मग पंपाचा डायाफ्राम बदला, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारा घ्या. चढावरची तक्रार त्याने जाणार नाही. तिथे पेट्रोल कमी पडतंय का बघा: टाकीचं झाकण सैल केल्यावर फरक पडला तर व्हेंट (झाकणातलं हवेचं भोक) बंद आहे. नाही पडला तर टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या फ्युएल पंपाचा दाब मोजा आणि फ्लोटची (कार्बमधलं पेट्रोल ठराविक पातळीवर ठेवणारा तरंगता भाग) पातळी तपासा. दुसरा बॅरल व्हॅक्यूमवर उघडणारा असेल तर त्याचाही डायाफ्राम बघा.

प्रतिसाद २
हे सगळं ठीक निघालं तर इनटेक मॅनिफोल्डला (कार्बमधून सिलेंडरकडे जाणाऱ्या नळ्यांना) व्हॅक्यूम गेज लावा. 2500 आरपीएमला स्थिर धरल्यावर काटा हळूहळू खाली येत राहिला तर सायलेन्सर आतून तुंबलाय. आणि चढावर आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतोय.