माफिया सिटीच्या जाहिराती: खटकते ती गुन्हेगारी की फसवणूक?

पटावरचा_उंट
'माफिया सिटी' हा योट्टा गेम्स या चिनी कंपनीचा २०१७ सालचा मोबाइल गेम. त्याच्या जाहिराती २०१८ पासून मीम होऊन फिरताहेत. डोक्यावर 'लेव्हल १ क्रूक' (भुरटा गुंड) लिहिलेला फाटका माणूस, त्याला झिडकारणारी बाई, मग समोर दोन पर्याय. एक निवडला की झटक्यात कोट, गाडी, 'लेव्हल ३५ बॉस', आणि शेवटी 'दॅट्स हाउ माफिया वर्क्स'.

प्रत्यक्ष गेममध्ये तो माणूसही नाही आणि ते पर्यायही नाहीत. आहे ते एक मॅन्शन, म्हणजे खेळाडूची हवेली. त्याची लेव्हल वाढवायची तर आधी इतर इमारती ठरावीक लेव्हलला न्यायच्या. सुरुवातीचे अपग्रेड मिनिटांत होतात, पुढचे तासांवर आणि मग दिवसांवर जातात. थांबायचं नसेल तर वेळ कमी करणारे स्पीडअप, म्हणजे शेवटी गोल्ड हे गेममधलं चलन, म्हणजे खरे पैसे. गुन्हेगारीच्या विषयाला माझा विरोध नाही. दाखवलं एक आणि दिलं दुसरंच, याला आहे.

रात्रीचा_राजा
असहमत. गेम फुकट आहे, पाच मिनिटांत काढून टाकता येतो. नुकसान कसलं?

आणि कंपनी असं का करते तेही बघा. आकडे फक्त उदाहरणादाखल: खरा खेळ दाखवून एक इन्स्टॉल १५० रुपयांना पडतो, नाट्यमय जाहिरातीतून ५० ला. १५,००० रुपयांत पहिल्या मार्गाने १०० लोक आले, त्यातले ४ टक्के पैसे भरणारे, म्हणजे ४ जण. दुसऱ्या मार्गाने ३०० आले. पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं तरी ६ जण मिळतात. या प्रकारच्या गेमचा डोलारा थोड्या मोठ्या खर्चिकांवरच उभा असतो. उरलेल्यांना एक दमडीही द्यावी लागत नाही.

पटावरचा_उंट
तुमच्याच हिशोबात २९४ माणसं नको असलेल्या गोष्टीसाठी आत ओढली गेली. त्यांचा डेटा गेला, वेळ गेला. शिवाय ती नुसती बसून नसतात, खर्चिकांना लुटण्यासाठी सावज म्हणून तीच लागतात. हल्ल्यापासून वाचवणारं शील्ड संपलं की वरच्या लेव्हलचा खेळाडू स्काउट (टेहळणी) करतो, क्लॅनला म्हणजे आपल्या टोळीला घेऊन रॅली, म्हणजे एकत्र हल्ला काढतो. जखमी सैन्य हॉस्पिटलच्या क्षमतेत बसलं तर वाचतं, वरचं मरतं. आठवड्यांची मेहनत एका रात्रीत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी समोर विकत घ्यायचं सवलतीचं पॅक येतं. 'फुकट आहे' हे उत्तर इथे पुरत नाही.

हिशेबनीस
कायद्याची बाजू मांडतो. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने, एएसएने, सप्टेंबर २०२० मध्ये प्लेरिक्स या गेम कंपनीच्या 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स'च्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. जाहिरातीतली कोडी गेममध्ये होती, पण खूप पुढे गेल्यावर आणि तुरळक. खाली 'सर्व दृश्यं प्रत्यक्ष खेळातली नाहीत' अशी ओळ होती, तिचा बचाव टिकला नाही.

आपल्याकडेही जून २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मुख्य दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही. पहिल्या उल्लंघनाला १० लाखांपर्यंत दंड आहे.

रात्रीचा_राजा
दंड कागदावर आहे. कंपनी बाहेरची, आणि एक व्हिडिओ उडवला की दुसरा तयार असतो. तक्रार पोहोचेपर्यंत ती जाहिरात चालूच नसते.

जास्वंद
दोघांकडूनही एक मुद्दा सुटलाय. त्या जाहिरातीत बाई म्हणजे लेव्हल वाढल्यावर मिळणारं बक्षीस, आणि गेममध्येही 'बेब्स' नावाने बायका गोळा करायच्या असतात. म्हणजे जाहिरातीतली हीच एक गोष्ट खरी निघाली! ही जाहिरात लहान मुलांच्या कोडी-गेममध्ये मध्येच लागते, तेव्हा दिशाभुलीपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

हिशेबनीस
जास्वंद, म्हणूनच तक्रारीत दोन्ही मुद्दे वेगवेगळे लिहावेत. जाहिरात लागताच स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं, ती कोणत्या ॲपमध्ये लागली ते, तारीख आणि वेळ टिपायची. गेमची पहिली दहा मिनिटंही रेकॉर्ड करायची, म्हणजे फरक शेजारी-शेजारी दिसतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरात बदलली तरी रेकॉर्डिंग हातात राहतं, त्यामुळे रात्रीचा_राजा यांचा आक्षेप निम्मा तरी सुटतो.

चुकून खरेदी झाली असेल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. त्यानंतर बहुतेकदा थेट डेव्हलपरकडेच जावं लागतं.

रात्रीचा_राजा
परताव्याचं मान्य. पण जबाबदारी ठरवायची तर ती जाहिरात दाखवणाऱ्या नेटवर्कवर ठरवा. व्हिडिओ मंजूर तेच करतात, पैसेही तेच घेतात, आणि त्यातल्या मोठ्यांची कार्यालयं भारतात आहेत.