बंद प्लेटिंग कारखान्याची माती स्वच्छ करण्यासाठी सार्वजनिक निधी मागावा का?

प्रश्न – सातपूरकर

आमच्या सोसायटीला लागून असलेला प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या वस्तूंवर क्रोमियमसारख्या धातूचा मुलामा चढवण्याचा, कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली असून त्या जागेवर आता निवासी इमारती उभ्या राहणार आहेत. शेड पाडताना टाक्यांखालची फरशी उखडली, तेव्हा खालचा मुरूम पिवळट-हिरवा निघाला. गेल्या पावसाळ्यात आमच्या बोअरच्या पाण्यालाही पांढऱ्या बादलीत पिवळी झाक दिसत होती. पाणी तपासून घेतल्यावर एकूण क्रोमियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा, जास्त आढळले. महापालिकेने ही माती स्वच्छ करून द्यावी, असा अर्ज करण्याचा काही सभासदांचा आग्रह आहे. घरपट्टी भरणाऱ्यांच्या पैशातून कुणाची तरी जमीन विकण्याजोगी करून देणे मला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – भूजल विभागातील निवृत्त कर्मचारी

आपण वर्णन केलेला पिवळा रंग षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाचा, असण्याची शक्यता दाट आहे. ते पाण्यात सहज विरघळते, आणि आपल्याकडे मुरमाखालच्या कातळाच्या भेगांतून पाणी कोणत्या दिशेने जाईल हे वरून पाहून सांगता येत नाही. त्यामुळे प्लॉटच्या हद्दीत माती उकरली म्हणजे काम झाले, असे समजू नये. फेरस सल्फेटसारख्या द्रव्याने ते जागेवरच त्रिसंयुजी या क्रोमियमच्या दुसऱ्या रूपात आणता येते. हे रूप कमी विषारी असते आणि बहुतांशी मातीतच अडकून राहते. मात्र कोणता उपाय लागू पडेल हे ठरवण्याआधी निरीक्षण-बोअर घेऊन प्रदूषण कुठवर पसरले आहे ते मोजावे लागते.

निधीबाबत सांगायचे तर, केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. जबाबदार व्यक्ती सापडत नसेल किंवा तिची ऐपत नसेल, तरच भार केंद्र व राज्य सरकारवर येतो. स्वच्छ भारत अभियानाचा पैसा साचलेल्या जुन्या कचऱ्यासाठी आहे. कारखान्याच्या मातीसाठी तो मागू नये.

उत्तर – गंगापूर रोड

आपला आक्षेप रास्त असला, तरी पैसे कोणी द्यायचे हा वाद मिटेपर्यंत क्रोमियम थांबून राहणार नाही. राजस्थानातील बिछरी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी दूषित केल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी असा निकाल दिला होता, आणि तरीही वसुलीसाठी त्याच न्यायालयाला 2011 मध्ये चक्रवाढ व्याजाचा आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे! म्हणून माझे ठाम मत असे आहे की तपासणी आणि तातडीची स्वच्छता सरकारी पैशातून व्हावी, परंतु तो पैसा उसनवार समजावा आणि त्याचा बोजा मिळकत पत्रिकेवर चढवावा. जमीन स्वच्छ झाल्यावर तिचा भाव वाढतोच. त्या वाढीतून आधी सरकारची रक्कम फिटावी, नफा त्यानंतर.

शिवाय, औद्योगिक पट्ट्यातील बंद कारखान्याची जमीन निवासी वापरासाठी देताना कामगारांची देणी चुकती झाल्याचा दाखला मागितला जातो. त्याच धर्तीवर मातीचाही दाखला सक्तीचा करावा, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करायला हवी. घाम गाळणाऱ्याचे देणे चुकल्याशिवाय बांधकाम नाही, तसेच शेजाऱ्याच्या विहिरीचे देणे चुकल्याशिवायही नसावे.

सातपूरकर

दोघांचेही मनापासून आभार. उसनवारीचा आणि बोजाचा मुद्दा मला पटला असून, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना पाण्याच्या अहवालासह सोमवारी अर्ज देण्याचे आम्ही ठरवले आहे. मात्र काल संध्याकाळपासून तो पिवळट मुरूम डंपरमध्ये भरून बाहेर जाऊ लागला आहे, आणि कुठल्याशा सखल प्लॉटवर भराव टाकण्यासाठी तो नेला जात असल्याचे चालकाने सांगितले. हे थांबवण्यासाठी आधी कोणाकडे जावे?

भूजल विभागातील निवृत्त कर्मचारी

सोमवारची वाट पाहू नका. डंपरचे क्रमांक, वेळ आणि भराव पडत असलेल्या जागेची छायाचित्रे घेऊन मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आजच लेखी तक्रार द्या, तिची प्रत तहसीलदारांना द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. मुरमाचा नमुना स्वतः हाताने उचलू नका. तो पंचनामा करूनच घेतला जावा, असा आग्रह धरा.