मदत हवी आहे: दोन साहेबांचं भांडण आणि माझ्याकडे मागितलेली तीन नावं

नमस्कार. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी १४ वर्षं आहे. प्लॅनिंग आणि स्टोअर्स बघते, हाताखाली ११ जण. सहा महिन्यांपासून आमच्या प्लांट हेडचं आणि नव्या फायनान्स डायरेक्टरचं अजिबात पटत नाही. एकाने मंजूर केलेली पीओ (खरेदीची ऑर्डर) दुसरा अडवून धरतो, माल येत नाही, आणि लाइन थांबली की जाब मला विचारतात.

सोमवारी डायरेक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. एक्सेल शीट, कामावरून कमी करायच्या माणसांसाठी तीन रिकाम्या ओळी. "तीन नावं, कारणासकट, शुक्रवारपर्यंत." तासाभरात प्लांट हेडचा फोन: "मॅडम, माझ्या प्लांटमधलं एकही नाव जायला नको." लेखी दोघांचंही काही नाही.

मंगळवारी टीममधला सगळ्यात नवा मुलगा बर्फी घेऊन आला, मुलगी झाली त्याला. शीट समोर उघडीच होती. मी घाईघाईने स्क्रीन बंद केली आणि अभिनंदन करायचंच विसरले. तेव्हापासून रात्री तीनला जाग येते ती येतेच.

थोडं वाचलं आहे. कामगार कपातीत एक महिन्याची लेखी नोटीस, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि त्या-त्या श्रेणीत जो शेवटी आला तो आधी जातो, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. म्हणजे पहिलं नाव बर्फीवाल्याचंच. पण हे संरक्षण 'कामगारां'ना, मॅनेजरना नाही. आमच्याकडे हाताखाली एकही माणूस नसलेल्यांनासुद्धा असिस्टंट मॅनेजर म्हणतात. हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात असं वाचलंय. कुणाला स्वतःचा अनुभव आहे का?

दुसरी काळजी राजीनाम्याची. शेजारच्या विभागात दोघांना "स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देऊ" म्हणून बसवून सह्या घेतल्या. स्वेच्छेचा राजीनामा म्हटला की कपातीची भरपाई गेली. माझ्या टीममधल्या एकाला ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला तीन महिने कमी आहेत. त्याला आत्ताच सावध करावं, की नाव पक्कं नसताना उगाच घाबरवू नये? मला सांगावंसं वाटतं. पण हे माझ्याकडे विश्वासाने आलंय, बाहेर फुटलं तर पहिली मीच जाईन.

घरी यजमान म्हणतात, नावं दे आणि मोकळी हो. मला ते जमणार नाही. मी दोघा साहेबांना एकच मेल लिहिलाय: दोन परस्परविरोधी सूचना तोंडी मिळाल्या आहेत, कोणती पाळायची आणि निवडीचा निकष काय ते एकत्र बसून लेखी कळवा. सोबत ११ जणांच्या रुजू झाल्याच्या तारखा आणि कोण काय काम करतं एवढंच, नाव कुणाचंच सुचवलेलं नाही.

मेल ड्राफ्टमध्ये आहे. एचआरलाही सीसीमध्ये घ्यावं का? अशा कात्रीतून कुणी गेलं असेल तर गुरुवार रात्रीपर्यंत सांगा, प्लीज.